स्वतःच्या बुद्धीने

काटकोनचं कौतुक करायला कंपनीला बावीस वर्षं लागली. आणि केलं तेही कुठे, तर कामगार न्यायालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, शपथेवर, टायपिस्टबाईंच्या समोर. त्यातही गंमत अशी की ते कौतुक खोटं ठरलं तरच काटकोनचं आणि त्याच्या सहा सोबत्यांचं भलं होणार होतं.

काटकोन हे ऑफिसात पडलेलं नाव. माणूस उभा राहिला की ओळंब्यात, बोलला की सरळ रेषेत, आणि फूटपट्टी टेबलाच्या कडेला समांतर नसेल तर त्याला काम सुचायचं नाही. पूल आणि मोठ्या इमारती बांधणाऱ्या कंपनीच्या डिझाइन रूममध्ये तो सगळ्यात जुना. तुळई किती जाड हवी, तिच्यात सळ्या किती, त्या कुठे वाकवायच्या, हे आकडेमोड करून तो ठरवायचा. हा ‘ठरवायचा’ शब्द इथून पुढे आपणही जरा जपूनच वापरू, कारण सगळं रामायण त्याच्यावरून घडलं.

कायदा वाचायला सोपा होता. आठ तासांच्या वर काम करून घेतलं तर जादा तासांचा पगार द्यायचा. मात्र जो स्वतःच्या बुद्धीने निर्णय घेतो तो व्यावसायिक. त्याला जादा तास लागू नाहीत, कारण डोक्याला घड्याळ लावता येत नाही. कल्पना काही वाईट नाही. पण कंपनीने काय केलं, तर डिझाइन रूममधल्या सातही जणांच्या नेमणूकपत्रावर ‘व्यावसायिक अभियंता’ असं छापलं आणि हात झटकले. मग हे व्यावसायिक सकाळी दहा मिनिटं उशिरा आले की अर्ध्या दिवसाचा पगार कापला जायचा, आणि संध्याकाळी जादा तासांचा विषय काढला की ‘तुम्ही काय मजूर आहात का तास मोजायला?’ असं ऐकवलं जायचं. यायची वेळ घड्याळाची, जायची वेळ साहेबांची. सातही जण मूग गिळून बसले होते, कारण आपण कामगार आहोत असं म्हणायची इंजिनिअर माणसाला फार लाज वाटते. काटकोनलाही वाटायची.

त्याची बायको मात्र लाजणाऱ्यांतली नव्हती. नवरा घरी किती वाजता आला ते ती स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या त्या तारखेच्या चौकोनात लिहून ठेवायची. पहिल्यांदा लिहिलं ते रागाच्या भरात, पुढे सवयच लागली. अशी सहा वर्षांची सहा कॅलेंडरं साठली. एकदा सकाळी बारा मिनिटं उशीर झाला म्हणून काटकोनचा अर्धा दिवस कापला गेला आणि त्याने घरी येऊन ते सांगितलं, तेव्हा तिने सहाच्या सहा कॅलेंडरं त्याच्या ताटाशेजारी आणून आपटली.

“हे घ्या तुमचं आयुष्य,” ती म्हणाली. “आजवर फुकट वाटलंत. आता निदान बिल तरी पाठवा.”

अशा रीतीने दावा दाखल झाला. सात अर्जदार, एक वकीलबाई, सहा कॅलेंडरं. वकीलबाई वयाने लहान पण बोलायला फटकळ होत्या. पहिल्याच बैठकीत त्यांनी कॅलेंडरं चाळून बाजूला ठेवली.

“तासांचं भांडणच नाही,” त्या म्हणाल्या. “तास कंपनीही नाकारणार नाही. भांडण एवढंच आहे की तुम्ही कामावर डोकं वापरता का. वापरत असाल तर हरलात.”

यावर जिनेवाली बाई हसल्या. त्यांचंही हे ऑफिसातलं नाव. चौदा वर्षं त्या फक्त इमारतींचे जिने काढत आल्या होत्या. “पायरी तीच, कठडा तोच,” त्या म्हणाल्या. “मी शेवटचं डोकं कधी वापरलं ते मला बाई आठवायलाच वेळ लागेल.” सगळे हसले. हसण्यासारखंच होतं, पण वकीलबाई हसल्या नाहीत.

“कंपनी तुम्हाला बोलावणारच नाही. तुमच्यातल्या ज्याने सगळ्यात जास्त डोकं वापरलं, त्यालाच ते धरतील. नेमणूकपत्र सातही जणांचं एकच. तो पडला की सगळे पडले.”

मग सगळ्यांनी काटकोनकडे पाहिलं.

बाहेर पडल्यावर जिनेवाली बाई त्याच्याबरोबर बस थांब्यापर्यंत चालत आल्या. त्यांचा नवरा दोन वर्षं अंथरुणाला खिळला होता. त्याच्याजवळ बसायला ठेवलेली बाई सहाला निघून जायची, आणि ह्या घरी पोचायच्या नऊला. मधले तीन तास तो एकटा पडून असायचा. “मला मागचे पैसे मिळाले नाहीत तरी चालतील,” त्या म्हणाल्या. “एकदा आम्ही कामगार ठरलो की त्यांना आम्हाला सहाला सोडावंच लागेल. फुकटात बसवता येत नाही म्हटल्यावर कोण बसवतंय? मला सहा वाजता घरी जायचंय, बाकी काही नको.”  काटकोन “बघू” म्हणाला आणि त्यांची बस आली.

आता डोकं वापरल्याचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे तो पूल. ती हकिकत नऊ वर्षांपूर्वीची.

त्या दिवशी काटकोनला साइटवर पाठवलं होतं ते फक्त सळ्या नकाशाबरहुकूम आहेत का ते बघून सही करायला. त्याने बघितलं, सही केली, काँक्रीट ओतायला सुरुवात झाली आणि त्याचं काम संपलं. दुसरा कुणी असता तर सरळ गाडीत जाऊन बसला असता. हा निघता निघता पुलाखाली डोकावला. स्लॅब ओला असतो तोवर त्याचा सगळा भार खालच्या लोखंडी टेकूंवर असतो. त्या टेकूंच्या खालची जमीन भरावाची होती आणि जवळचा पाण्याचा पाइप गळून ती मऊ झाली होती. चार टेकूंचे पाय मातीत रुतले होते आणि एक टेकू किंचित वाकला होता. किंचित म्हणजे इतका की शंभरातल्या नव्याण्णवांना तो सरळच दिसला असता. खाली हे टेकू उभे करणारा सेंटरिंगचा मिस्त्री आणि त्याची दहा माणसं काम करत होती.

काटकोनने डिझाइन रूमच्या मोठ्या साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, “काँक्रीटच्या वीस गाड्या रस्त्यात उभ्या आहेत. चालू ठेव. तुझं काम सळ्यांचं, तेवढं कर.” काटकोनने फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने वरिष्ठांचं ऐकलं नाही. पंपवाल्याला हात करून पंप बंद करायला लावला आणि पुलाखाली शिरून ओरडला, “सगळे बाहेर निघा!” मिस्त्री म्हणाला, “हत्यारं तेवढी घेतो.” काटकोनने त्याला दंडाला धरून ओढत बाहेर काढलं. त्यानंतर पाऊण तास काही झालं नाही आणि काटकोन घामाने भिजून गेला, की आता आपली नोकरी गेली. मग पुलाचे दोन गाळे, सळ्या, काँक्रीट, टेकू आणि मिस्त्रीची हत्यारं, सगळं एका दमात खाली बसलं.

पुढच्या महिन्यात कंपनीच्या मासिकात मोठ्या साहेबांचा फोटो आला. ‘साहेबांचे प्रसंगावधान : फोनवरून दिलेल्या आदेशाने अकरा प्राण वाचले.’ साहेबांना एक ढाल मिळाली, ती केबिनमध्ये काचेच्या कपाटात लागली. काटकोनने मासिक घडी घालून खणात ठेवलं. बायको म्हणाली, “करायचं एकाने आणि मिरवायचं दुसऱ्याने, हे काय जगात नवीन आहे?” पण त्याला ते फार लागलं होतं. त्याला ढाल नको होती. साहेबांनी एकदा, चार भिंतींच्या आत का होईना, ‘अरे, ते तू केलंस’ एवढं म्हणावं असं त्याला वाटायचं. नऊ वर्षं वाटत राहिलं.

सुनावणीच्या आठ दिवस आधी वकीलबाईंनी नेमकं तेच मासिक त्याच्यापुढे ठेवलं. जिनेवाली बाईंनी त्यांना आणून दिलं होतं.

“फोनवर काय बोलणं झालं, ते तुम्हा दोघांशिवाय कुणी ऐकलं होतं का?”

“नाही.”

“कंपनीनेच छापलंय की आदेश साहेबांनी दिला.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “हे बघा, खोटं बोला असं मी सांगणार नाही. सांगितलं तर माझी सनद जाईल. मी फक्त विचारणार. उत्तर तुमचं.”

यातलं न कळण्याइतका काटकोन भोळा नव्हता. घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं. तिने हातातलं काम बाजूला ठेवलं. “बावीस वर्षांत त्या एका पुलाशिवाय काय मिळालं आपल्याला?” ती म्हणाली. “द्या तोही. मला माहीत आहे ना काय झालं ते? मग झालं तर.” त्याला जरा हलकं वाटलं. एक माणूस जरी खरं जाणत असलं तरी पुरतं, असा त्याने हिशेब केला, आणि पक्क्या इंजिनिअरचा असूनही तो हिशेब चुकला.

न्यायालयाची खोली म्हणजे एक जुनं ऑफिसच. वर हळू फिरणारा पंखा, खाली पाय हलणारी बाकं, भिंतीला लावलेली लोखंडी कपाटं. निकाल देणारे अधिकारी उतारवयाचे होते आणि त्यांना सर्दी झाली होती. कंपनीच्या वकिलांनी पहिली साक्ष मोठ्या साहेबांची काढली. साहेब तीन महिन्यांनी निवृत्त होणार होते. अंगाने वाळले होते, कोट खांद्यांवरून लोंबत होता.

वकिलांनी काटकोनच्या आकडेमोडीच्या जुन्या फायली आणल्या होत्या. काटकोनला एक खोड होती. आकड्याला आकडा जुळला तरी तो समासात बारीक अक्षरात लिहायचा, ‘माझ्या मते इथे एक सळई वाढवावी, कारण...’ आणि पुढे कारण. आपल्या मागे हे कुणी वाचलं तर त्याला कळावं, एवढाच हेतू. बावीस वर्षांत ते कुणी वाचलं नव्हतं. आता वकील एकेक कागद उचलून मोठ्याने वाचत होते.

“ही सूचना कुणाची?”

“त्यांचीच,” साहेब म्हणाले.

“तुम्ही सांगितलं होतं?”

“नाही. मला सुचलंही नसतं.”

कंपनी माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढवतेय ती खालून झाड तोडायला, हे काटकोनला कळत होतं. तरी कान ऐकायचे थांबेनात. त्याच्या बाजूला बसलेल्या जिनेवाली बाईंनी पर्सचा पट्टा बोटाला गच्च गुंडाळून घेतला होता.

मग पुलाचा विषय निघाला. साहेबांनी पाणी मागितलं, घोटभर प्यायले आणि बोलायला लागले.

“त्याने मला फोन केला. टेकू रुतलेत म्हणाला. मी त्याला सांगितलं, चालू ठेव, तुझं काम सळ्यांचं. माझ्या डोक्यात गाड्या होत्या, माणसं नव्हती. त्याने माझं न ऐकता काम थांबवलं. माझं ऐकलं असतं तर अकरा मेली असती.” ते थांबले. टायपिस्टबाईंची बोटं त्यांना गाठून थांबली. “नंतर मासिकात माझं नाव आलं. मी ते येऊ दिलं. ते सगळं त्याने केलं. एकट्याने.”

हे बोलताना साहेबांनी काटकोनकडे पाहिलं, आणि ते काही वकिलांनी शिकवलेलं पाहणं नव्हतं.  नऊ वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली ते एवढ्या लोकांपुढे, शब्दाला शब्द, त्याच्या पदरात पडलं होतं. उठून साहेबांचा हात धरावा असं त्याला वाटलं. त्याऐवजी तो समोरच्या बाकाच्या फळीकडे बघत बसला.

वकीलबाई उठल्या. त्यांच्या हातात मासिक होतं.

“हे तुमचंच छायाचित्र?”

“हो.”

“खाली लिहिलेलं खोटं आहे?”

“हो.”

“ढाल घेतलीत?”

“घेतली.”

“परत केलीत?”

“नाही.”

“म्हणजे नऊ वर्षांपूर्वी तुमचा फायदा होता तेव्हा खोटं बोललात, आणि आज कंपनीचा फायदा आहे तेव्हा खरं बोलताय, असं आम्ही समजायचं का?”

 अधिकाऱ्यांनी नाक शिंकरलं आणि मासिक पुराव्यात घेतलं. काटकोनला त्या क्षणी साहेबांची कीव आली. एवढं खरं बोलून माणूस खोटा पडला होता, आणि त्याला पूर्ण पाडायचं काम अजून काटकोनकडे बाकी होतं.

त्याआधी कंपनीच्या वकिलांनी दुसऱ्या साक्षीदाराला हाक मारली. दार उघडलं आणि सेंटरिंगचा मिस्त्री आत आला.

काटकोनला हे कुणी सांगितलं नव्हतं. मिस्त्री इस्त्रीचा शर्ट घालून, केस ओले करून, भांग पाडून आला होता. काटकोनला बघताच त्याचा चेहरा फुलला. कंपनीची गाडी त्याला घ्यायला घरी गेली होती. पुलावरच्या त्या साहेबांचं कोर्टात काम आहे, तुझी साक्ष हवी, एवढंच त्याला सांगितलं होतं. आपण त्याच साहेबांच्या, म्हणजे काटकोनच्या, बाजूने बोलायला आलोय, अशीच त्याची समजूत होती, आणि ती चुकीची कशी म्हणायची?

“मी खालीच होतो,” तो अधिकाऱ्यांना म्हणाला. विचारायची वाटही त्याने पाहिली नाही. “हे साहेब आले आणि ओरडले, बाहेर निघा. मी म्हटलं, हत्यारं घेतो. तर यांनी मला इथं असं धरलं,” त्याने स्वतःचा दंड धरून दाखवला, “आणि फरपटत बाहेर काढलं. चार दिवस निळं पडलं होतं. माझी बायको तेव्हा पोटुशी होती. आज दोन पोरं आहेत मला. दरवर्षी त्या तारखेला मी यांना फोन करतो. हे म्हणतात, पुरे आता, कशाला फोन करतोस. पण मी करतो.”

“म्हणजे तुझे प्राण या साहेबांनी वाचवले?” कंपनीच्या वकिलांनी मऊ आवाजात विचारलं.

“मग कुणी?” मिस्त्री म्हणाला.

वकीलबाईंनी त्याला एकच प्रश्न विचारला. हे साहेब खाली येण्याआधी त्यांना फोनवर कुणी काय सांगितलं, ते तुम्ही ऐकलंत का? मिस्त्री म्हणाला, “नाही, मी खाली होतो, वरचं कसं ऐकू येणार?” वकीलबाई “झालं” म्हणून बसल्या. मिस्त्री गोंधळला. आपलं काही चुकलं का, अशा नजरेने त्याने काटकोनकडे बघितलं, आणि मागच्या बाकावर जाऊन बसला. गाडी त्याला परत सोडणार होती म्हणून तो थांबला होता. निघून गेला असता तर बरं झालं असतं.

काटकोनचं नाव पुकारलं गेलं.

त्याने शपथ घेतली. नेहमीसारखाच सरळ उभा राहिला, फक्त हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. वकीलबाईंनी विचारलं, काम थांबवायचा निर्णय कुणाचा?

“साहेबांचा.” आवाज त्याला स्वतःला परका वाटला. “मी फोन केला. साहेब म्हणाले थांबव. मी थांबवलं.”

मोठ्या साहेबांनी खुर्चीत मान खाली घातली. साहेबांनी एकदा त्याचं जे श्रेय घेतलं होतं ते आज तो त्यांना रीतसर, शपथेवर, परत न करण्याच्या बोलीने देऊन टाकत होता.

“आणि या समासातल्या सूचना?”

“साहेब सांगतील तसं लिहायचो.”

कंपनीच्या वकिलांनी पुष्कळ आपटून पाहिलं. तुम्ही शिकलेले आहात, अनुभवी आहात, तुमचे गुरुजन काय म्हणतील, असंही विचारलं. काटकोन एकच सांगत राहिला. मला सांगितलं ते मी केलं. शेवटी वकील थकून बसले आणि प्रकरण संपलं असं वाटलं. तेवढ्यात अधिकाऱ्यांनी रुमाल खिशात ठेवला आणि पुढे झुकले.

“मला एक विचारायचंय,” ते म्हणाले. “समजा, त्या दिवशी साहेबांचा फोन लागला नसता. तर तुम्ही काय केलं असतं?”

 वकीलबाईंनी कागदावरून नजर वर केली नाही. जिनेवाली बाई पुढे सरकून बाकाच्या अगदी टोकाला आल्या होत्या, आणि त्यांच्या मागे, दोन बाकं सोडून, मिस्त्री होता. काटकोनला तो दिसत होता. मिस्त्रीच्या चेहऱ्यावर काळजी अजिबात नव्हती. ह्या प्रश्नाचं उत्तर त्याला पाठ होतं.

“चालू राहू दिलं असतं,” काटकोन म्हणाला.

“खाली माणसं असताना?”

“थांबवायचा मला अधिकार नव्हता.”

“हो की नाही, तेवढं सांगा.”

“हो. चालू राहू दिलं असतं.”

 अधिकाऱ्यांनी टायपिस्टबाईंना खूण केली.

जेवणाच्या सुट्टीनंतर निकाल तिथल्या तिथे सांगून टाइप करून घेतला गेला. भाषा सरकारी होती, तरी कळायला अवघड नव्हती. सबब, अर्जदार हा स्वतःच्या बुद्धीने निर्णय घेणारा इसम नसून वरिष्ठांच्या आदेशाबरहुकूम काम करणारा कर्मचारी आहे, असे त्याच्याच जबाबावरून सिद्ध होते. उर्वरित सहा अर्जदारांस हेच लागू राहील. जादा तासांचा मोबदला द्यावा. यापुढे ठरल्या वेळेपलीकडे थांबवून घेऊ नये. हे शेवटचं वाक्य ऐकताच जिनेवाली बाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि त्या रडायला लागल्या. बाकीचे पाच जण काटकोनची पाठ थोपटत होते. त्याला आनंद व्हायला हवा होता, आणि थोडा झालाही, बाईंकडे बघून. पण तो टिकेना.

“अपिलाला तीस दिवस आहेत,” वकीलबाईंनी त्याला दारातच गाठून सांगितलं. “तोवर त्या पुलाबद्दल कुणाशी एक अक्षर बोलायचं नाही. आत जे सांगितलंत तेच. भिंतीलाही दुसरं सांगू नका.”

बाहेरच्या लांब व्हरांड्यात मिस्त्री उभा होता. पिशवी छातीशी धरलेली. दोन पावलांवर कंपनीचे वकील ड्रायव्हरशी गाडीचं बोलत होते. पाठ इकडे होती, पण कान कुठे होते ते कुणी सांगावं.

“साहेब,” मिस्त्री म्हणाला, “मला कोर्टातलं काही कळत नाही. माझं काही चुकलं का?”

“नाही रे. तुझं काय चुकणार?”

“मग ते...” त्याने खोलीच्या दाराकडे हात केला. “फोन लागला नसता तर, असं विचारलं ते. ते तुम्ही कोर्टापुरतं बोललात ना?”

काटकोनच्या अगदी जिभेवर आलं होतं. एक शब्द पुरला असता. नुसती मान हलवली असती तरी मिस्त्रीला कळलं असतं. दंडाला धरलेला हात ज्याला नऊ वर्षं आठवतो त्याला मान हललेली कळते. पण वकिलांचं बोलणं मध्येच थांबलं होतं. आणि तिकडे जिनेवाली बाई रडू पुसत नवऱ्याला फोनवर सांगत होत्या, उद्यापासून, अहो उद्यापासून.

“आत सांगितलं तेच,” काटकोन म्हणाला.

 मिस्त्री रागावला नाही. रागावला असता तर काटकोनला सोपं गेलं असतं. तो फक्त मनातल्या मनात काहीतरी उचलून दुसरीकडे ठेवत असल्यासारखा दिसला.

“म्हणजे त्या मोठ्या साहेबांनी सांगितलं म्हणून आम्ही जगलो.”

“हो.”

“आणि मी इतकी वर्षं तुम्हालाच फोन करतोय.” तो स्वतःशीच ओशाळून हसला. “तुम्ही तरी सांगायचं की, साहेब. त्या माणसाला साधं आभार म्हणायचं राहून गेलं.”

मोठे साहेब व्हरांड्याच्या टोकाला बाकावर एकटे बसले होते. सकाळी त्यांना घेऊन आलेल्या कंपनीच्या माणसांपैकी आता कुणी त्यांच्याजवळ नव्हतं. मिस्त्री तिकडे गेला. पिशवी खाली ठेवली आणि त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. साहेब दचकून उभे राहिले.

“अरे, मी नाही,” ते म्हणत होते. “खरंच सांगतो, मी नाही. मी तर उलट...”

“मोठी माणसं असंच म्हणतात,” मिस्त्री म्हणाला आणि हात सोडेना.

साहेबांनी त्याच्या खांद्यावरून काटकोनकडे पाहिलं. याला तू तरी सांग, असं ते बघणं होतं. काटकोनने नजर वळवली आणि जिना उतरायला लागला. पहिल्या वळणापर्यंत त्याला मिस्त्रीचा आवाज येत होता. तो साहेबांना आपल्या पोरांची नावं सांगत होता.